चाकोरीतला चेंडू

अंबाल्याहून चंदीगडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर डेराबस्सी वसले आहे. कारखाने, मालमोटारी आणि गव्हाची शेते यांच्या या गावी बसून गोल्फविषयी लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांस काहीसे विचित्र वाटेल. परंतु शेजारच्या चंदीगडातच धावपटू मिल्खासिंग यांचे चिरंजीव जीव यांनी बालपणी हा खेळ हाती धरला आणि १९९८ साली युरोपीय दौऱ्यात स्थान मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. आपल्यापैकी काही मंडळी निवृत्तीनंतर मैदानाकडे वळतात, तेव्हा पहिला प्रश्न पडतो तो काठ्यांचा. भविष्यनिर्वाह निधीला हात घालण्यापूर्वी या काठ्यांचा इतिहास पाहणे आम्हांस इष्ट वाटते.

चेंडू जेथे व जसा पडला तेथून तसाच मारावयाचा, ही या खेळाची मूळ अट. काठ्यांचे सारे वैविध्य तिच्यातून जन्मले. प्रारंभी चेंडू चामड्याचा, आत पिसे ठासलेला असे. लोखंडी काठीने तो फाटे, म्हणून बहुतेक काठ्या लाकडीच असत. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चिवट, स्वस्त चेंडू आला आणि लोखंडाला मुभा मिळाली. स्कॉटलंडमधील मैदाने सार्वजनिक असल्याने त्यांवरून गाड्या जात. चाकोरीत रुतलेला चेंडू उचलण्यासाठी लोहारांनी अगदी लहान तोंडाची जड काठी घडविली. चाकोरीबाहेर पडणे हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. तेथे त्यासाठी स्वतंत्र हत्यार होते!

ब्रॅसी, मॅशी, निब्लिक ही जुनी नावे पुढे मागे पडून क्रमांक आले. १९२९ साली ब्रिटनमध्ये पोलादी दांड्यास मान्यता मिळाली. १९३२ मध्ये जीन साराझेन यांनी तळाशी जाड धातू दिलेली वाळूची काठी वापरून ब्रिटिश ओपन जिंकली. तो जाड तळ वाळूत खोल न रुतता सरकतो आणि वाळूसह चेंडू वर उडवितो. काठ्या इतक्या वाढल्या की अमेरिकेत १९३८ साली व ब्रिटनमध्ये १९३९ साली चौदांची मर्यादा घालावी लागली.

चौदा ही कमाल संख्या आहे, सक्ती नव्हे, हे दुकानदार सांगत नाहीत. नवशिक्याने पाच, सात व नऊ क्रमांकांच्या लोखंडी काठ्या, एक रुंद तोंडाचे लाकूड, वाळूची काठी आणि पटर एवढ्यावर वर्षभर खुशाल खेळावे. लोखंडी काठी पाठीमागे पोकळ, कडांना जड अशी घ्यावी. फटका मध्यावर न बसला तरी ती सांभाळून घेते. सपाट पात्याची काठी कसलेल्या हातांसाठी. चढावर चेंडू अधिक उंच उडून अलीकडे पडतो, म्हणून एक क्रमांक खालचा घ्यावा; उतारावर तो ठेंगणा जातो, तेथे वरचा. दाट गवतात लांब काठीचा मोह टाळून उघड्या तोंडाच्या काठीने चेंडू आधी मोकळ्या जागी आणावा. निवृत्त साहेबांना हे पटविणे मात्र कठीण!

काठ्यांच्या संख्येने खेळ ठरत नाही, हे दिल्लीच्या अली शेर यांच्याकडे पाहिल्यावर कळते. इतरांच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींमधून ते पुढे आले आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू झाले. मैदानावर गेल्यावर कोणती काठी घ्यावी, हे आम्ही प्रथम कॅडीलाच विचारतो.