१७६६३१९०४९ : ६१ या संख्येत दडलेले उत्तर

सन १६५७. फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा याने आपला समकालीन फ्रेनिक्ल यास एक कोडे घातले. अशी वर्गसंख्या शोधायची की, तिला ६१ ने गुणून १ मिळवल्यास पुन्हा वर्गसंख्याच यावी. फार त्रास नको म्हणून लहान संख्या निवडली, अशी मखलाशीही त्याने केली!

६० घेतले तर हे कोडे पोरखेळ आहे. ४ चा वर्ग १६. त्याची ६० पट ९६०. त्यात १ मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ साठीही ८ आणि ६३ एवढ्यावर भागते. मधल्या ६१ चे सर्वांत लहान उत्तर मात्र २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ असे आहे. एकेक संख्या तपासत जाणाऱ्यास २२ कोटींहून अधिक वेळा गुणाकार करावा लागेल.

हीच जोडी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, सोडवून दाखवलेली आहे. तीही उदाहरण म्हणून.

रीत अशी. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ हून ३ ने अधिक. चक्रवाळाचे एक आवर्तन केले की ३९ आणि ५ मिळतात : ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, अंतर ४. येथे ब्रह्मगुप्ताची (इ. स. ६२८) ‘भावना’ मदतीस येते. दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे घडवण्याची ही युक्ती. तिने आपण २९७१८ आणि ३८०५ वर पोहोचतो. आता अंतर केवळ १, पण उलट्या बाजूने. म्हणून आणखी एकदा भावना. २९७१८ च्या वर्गाच्या दुपटीत १ मिळवून पाहावा, शीर्षकातील संख्या समोर उभी राहते.

२२ कोटींचा डोंगर असा मोजक्या पावलांत ओलांडला जातो. शिवाय या जोडीचा भागाकार ६१ च्या वर्गमुळाच्या इतका जवळ जातो की, दोहोंतील फरकात दशांशचिन्हापुढे सतरा शून्ये येतात.

सारे श्रेय भास्कराचार्यांना देण्याची आपल्याकडील सवय मात्र इतिहासाला धरून नाही. चक्रवाळ त्यांच्याआधी जयदेवाला ठाऊक होते, इ. स. १०७३ मध्ये उदयदिवाकराने त्याचा उतारा दिला आहे. ही रीत नेहमी उत्तरापर्यंत पोहोचतेच, याची सिद्धता ‘बीजगणिता’त नाही. असे उत्तर प्रत्येक वेळी असतेच, हे १८ व्या शतकात लाग्रांजने सिद्ध केले. युरोपात मात्र समीकरणाला नाव पडले जॉन पेलचे, ज्याचा या उकलीशी संबंध नव्हता. ही चूक ऑयलरची. ती आजही पाठ्यपुस्तकांत नांदते.

फर्माला भास्कराचार्य ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. शाहजहानच्या काळात, १६३४ मध्ये, ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर झाले होते, पण इंग्रजी वाचकांसमोर ते ग्रंथ आले १८१३ आणि १८१७ मध्ये, स्ट्रॅची व कोलब्रूक यांच्यामुळे.

खुद्द खानदेशात, चाळीसगावजवळील पाटण येथे, १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. हा लेख १९ व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला.