माउसची शेपटी

संगणकाच्या माउसला तमिळ भाषेने 'सुट्टी' असे नाव दिले आहे. अर्थ, निर्देश करणारे साधन. मराठी विद्यार्थ्यांना हा शब्द फार आवडावा!

चेन्नईत संगणक आला तो मात्र माउसविना. पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या आय.आय.टी. मद्रासमध्ये १९७३ साली आयबीएम ३७० बसवला गेला. त्याला आज्ञा द्यायच्या त्या छिद्रे पाडलेल्या कार्डांतून. वास्तविक डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांचा लाकडी माउस १९६४ मध्येच अमेरिकेत तयार झाला होता, आणि १९६८ मध्ये जर्मनीच्या टेलिफुंकनने गोळ्याचा माउसही काढला होता.

पुढे घरोघरी पोहोचला तो हा गोळ्याचाच माउस. रबरी वेष्टनाचा गोळा फिरला की त्याला टेकलेले दोन रूळ फिरत; एक आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या. रुळाच्या टोकाला खाचांची चकती, तिच्या एका बाजूस अवरक्त दिवा, दुसऱ्या बाजूस दोन प्रकाशग्राहक. प्रकाश किती वेळा खंडित झाला यावरून अंतर कळे, आणि कोणत्या ग्राहकाला तो आधी पोहोचला यावरून दिशा. पोटाची चकती फिरवून हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहता येई. रुळांवर साचलेला मळ नखाने खरवडून काढणे हे संगणक-कक्षातले आवडते काम असे.

शेपटीच्या टोकाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. आरंभीच्या नऊ टाचण्यांच्या सीरियल जोडणीत विजेची स्वतंत्र तार नव्हती. माउस संदेशाच्या तारांतूनच आपल्यापुरती वीज घेई. १९८७ मध्ये आयबीएमने सहा टाचण्यांची गोल पीएस/२ जोडणी आणली. त्यांतील चारच कामाच्या: वीज, ग्राउंड, माहिती आणि माहितीचा ताल धरणारी. कीबोर्डची जोडणीही हुबेहूब तशीच. म्हणून पुढे त्याला जांभळा आणि माउसला हिरवा रंग आला. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. त्यामागे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट आणि त्यांचे सहकारी होते. त्याच वर्षी मद्रासचे चेन्नई झाले.

जुन्या संगणकांवर भागवणाऱ्या शाळांची अडचण इथेच सुरू झाली. यूएसबी माउस पीएस/२ला जोडणारा छोटा हिरवा अडॅप्टर मिळे, पण त्यात केवळ तारांची जुळणी असते. भाषांतर करणारे काही नसते. माउसला स्वतःलाच दोन्ही भाषा येत असतील तर तो चाले, एरवी निपचित पडे. असे कितीतरी धडधाकट माउस नादुरुस्त समजून टाकले गेले. चेन्नईत अण्णा सालईलगतच्या रिची स्ट्रीटवरील जाणता दुकानदार मात्र अडॅप्टर देण्यापूर्वी विचारतो, "माउस कोणता आहे?"