मुंबईतील सिंफनी वाद्यवृंद आणि झुबिन मेहता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकात युरोपीय सिंफनीचे स्वरूप विस्तारले. ब्राम्स, चायकोव्स्की, माहलर यांच्या रचनांत वादकांची संख्या वाढली, लयीतील बदल सूक्ष्म झाले आणि सर्वांना एकत्र बांधणारा संचालक अपरिहार्य ठरला. मुंबईने जगाला असा विख्यात संचालक दिला. परंतु तिला स्वतःचा स्थायी वाद्यवृंद दीर्घकाळ लाभला नाही. या विसंगतीची मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हौशी वादकांचा काळ

१९३५ मध्ये व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. हौशी पारशी वादक आणि चित्रपटसंगीतावर उपजीविका करणारे गोमंतकीय वादक हा तिचा आधार होता. मेहलींचे पुत्र झुबिन (जन्म १९३६) याच वातावरणात वाढले. १९५४ मध्ये ते व्हिएन्नाला गेले. तेथे कार्ल बोम यांच्या संचालनाखाली त्यांनी ब्राम्सची पहिली सिंफनी ऐकली आणि पूर्ण वाद्यवृंदाचा खरा नाद त्यांना प्रथमच उमगला. घरातच वाद्यवृंद असलेल्या मुलाचा हा अनुभव मुंबईतील उणीव स्पष्ट करतो. उणीव प्रतिभेची नव्हती. नियमित वेतन, दैनंदिन तालीम व शिक्षणसंस्था यांची होती. १९५५ मध्ये मेहलीही इंग्लंडला गेले आणि वाद्यवृंदाचा आधारच गेला.

पाहुणे ते स्थायी वाद्यवृंद

त्यानंतर अनेक दशके मुंबईकरांनी मोठ्या सिंफनी ऐकल्या, त्या प्रामुख्याने पाहुण्यांकडून. १९६७ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक व १९९४ मध्ये इस्रायल फिलहार्मोनिक हे वाद्यवृंद घेऊन झुबिन मेहता मायदेशी आले. २००६ मध्ये राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात (एनसीपीए) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. आरंभी तिचे बहुसंख्य वादक परदेशी होते. म्हणूनच २०१२ मध्ये सुरू झालेल्या तिच्या संगीत अकादमीचे महत्त्व विशेष आहे. २०२३ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, मेहतांनी या वाद्यवृंदाचे प्रथमच संचालन केले.

समारोप

अमळनेरच्या वाचकास हा इतिहास दूरचा वाटू नये. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिर उभारले, ते एखाद्या व्याख्यानासाठी नव्हे, तर अखंड अध्ययनासाठी. वाद्यवृंदासही असाच आश्रय लागतो. थोर संचालक एक संध्याकाळ अविस्मरणीय करू शकतो. परंपरा मात्र रोजच्या तालमीतून व पुढच्या पिढीच्या शिक्षणातूनच घडते, असा निष्कर्ष यातून निघतो.