तळटीप : वृद्धाश्रमांची तपासणी
१. पनवेलजवळच्या नेऱ्यात कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. लेखिकेच्या मनात तिथला वृद्धाश्रम असावा. अशा संस्थांवरची देखरेख तुकड्यातुकड्यांची आहे. न्यासाचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, १९५०च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. खाटा टाकून उपचार केले, तर १९४९च्या शुश्रूषागृह कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. रात्री आजींना शौचाला कोण नेतो, हे मात्र हिशेबाच्या वहीत दिसणार कसे? घरी माणूस पुरवणारे ब्युरो तर जवळजवळ मोकाटच. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दुरुस्ती करून वृद्धाश्रम आणि ब्युरो, दोघांनाही नोंदणी सक्तीची करणारे विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आले. ते मंजूर झालेच नाही आणि २०२४मध्ये सभागृह विसर्जित होताच व्यपगत झाले. — संपा.