वेस्टर्न चित्रपट

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील एकोणिसाव्या शतकातील जीवन रंगविणारा चित्रपटप्रकार. द ग्रेट ट्रेन रॉबरी (१९०३) हा त्याचा आरंभीचा गाजलेला नमुना. त्याचे बरेचसे चित्रीकरण मात्र पूर्वेकडील न्यू जर्सी राज्यात झाले. १९३०–५० च्या दरम्यान शनिवार दुपारच्या खेळांना गर्दी करणाऱ्या मुलांनी जीन ऑट्री, रॉय रॉजर्स या गाणाऱ्या गुराखी-नायकांना डोक्यावर घेतले. पुढे ही आवड गनस्मोक (१९५५–७५), बोनॅन्झा (१९५९–७३) अशा दूरचित्रवाणी-मालिकांकडे वळली.

जॉन फोर्डने स्टेजकोच (१९३९) मध्ये मॉन्युमेंट व्हॅलीतील उत्तुंग सुळके असे टिपले, की रसिकांच्या मनातील ‘पश्चिम’ म्हणजे तोच प्रदेश होऊन बसला. त्यातील हल्लेखोर अपॅची तेथील नव्हाहो लोकांनी साकारले. ज्यांची भूमी हिरावली गेली, त्या आदिवासींनाच पडद्यावर आक्रमक ठरविणारी ही विपरीतता रसिकांच्या प्रेमाने दीर्घकाळ झाकून ठेवली. कृष्णवर्णीय व मेक्सिकन गुराखी प्रत्यक्षात पुष्कळ होते. पडद्यावर ते क्वचितच नायक झाले. फोर्डच्याच द सर्चर्स (१९५६) मध्ये नायकाचा वंशद्वेष इतका उघड झाला, हे त्या चित्रपटाचे खरे मोल होय. सेर्जो लेओनेच्या, स्पेनमध्ये चित्रित झालेल्या वेस्टर्नपटांची छाया हिंदी शोले (१९७५) वरही दिसते.