सायकलची सीट किती उंच हवी? पाय जमिनीला टेकतात म्हणजे सीट बरोबर, असं नाही

केजसारख्या तालुक्यात वाडी-वस्तीवरून शाळेला जायचं तर अनेक मुला-मुलींना सायकलचाच आधार असतो. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. म्हणजे जाऊन-येऊन रोज १० किलोमीटरपर्यंत पायडल मारणं आलं. सीट दोन इंच खाली असेल, तर त्याचा हिशेब गुडघ्यांना द्यावा लागतो.

आपल्याकडे सीट ठरवण्याची पद्धत एकच: बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. नवशिक्यासाठी ते ठीक आहे, पडण्याची भीती कमी होते. पण तोल सांभाळता येऊ लागला की जमिनीचा संबंध संपतो. मग मोजायचं ते सीटपासून पायडलपर्यंतचं अंतर.

त्यासाठी टेपही लागत नाही. भिंतीला हात टेकून सीटवर बसा आणि एक पायडल अगदी खाली न्या. त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण टाच पुरवण्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता नेहमीसारखा चवडा पायडलवर ठेवा. गुडघा किंचित वाकलेला दिसेल. तेवढाच बाक हवा. रोजच्या चपला-बूट घालूनच हे करा. सीटखाली स्प्रिंगा असतील तर पूर्ण वजन टाकून बसा, कारण सीट दबते.

आकडाच हवा असेल तर भिंतीला पाठ लावून उभं राहा आणि जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. पायडलचा दांडा ज्या आसाभोवती फिरतो, त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत साधारण तेवढं अंतर हवं. ७० सेंटिमीटरला ते जवळपास ६२ येतं. हे सूत्र रेसिंगवाल्यांचं आहे, साध्या सायकलला फक्त अंदाजासाठी वापरा.

सीट फार खाली असेल तर गुडघा प्रत्येक फेरीला जास्त वाकतो आणि वाटीपाशी, म्हणजे पुढच्या बाजूला दुखू लागतं. चढावर दमही लवकर लागतो. फार वर असेल तर गुडघ्याच्या मागे ओढ बसते आणि कंबर डावी-उजवीकडे हलत राहते.

सायकलीप्रमाणे थोडा फरक पडतो. लेडीज सायकलला मधला आडवा दांडा नसल्याने थांबताना सीटवरून पुढे उतरणं सोपं जातं, त्यामुळे सीट योग्य उंचीवर ठेवायला भीती नको. जुन्या २४ इंची जेन्ट्स सायकलचं तसं नाही. पाय पुरत नाही म्हणून दांड्याखालून हाफ पायडल मारणारी पोरं सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथे सीट खाली करून उपयोग नसतो, सायकलच मोठी असते. जाड टायरच्या गिअरच्या सायकलचा सांगाडा मुळातच उंच असतो. योग्य उंचीला थांबताना जेमतेम चवडा टेकेल, ते चालतं. खडकाळ उतारावर मात्र सीट थोडी खाली घ्यावी. मांजरसुंबा-अंबाजोगाई रस्त्यासारख्या वर्दळीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांशेजारून नवशिक्याला पाठवायचं असेल, तर पक्का सराव होईपर्यंत एखादा इंच कमीच बरा.

सीट वर घ्यायला साधा पाना पुरतो. दांडी गंजली असेल तर तेलाचे दोन थेंब सोडून थोडा वेळ थांबा. दांडीवर कमाल उंचीची खूण असते, तिच्यावर जाऊ नका. खूण नसेल तर निदान अडीच इंच दांडी आत राहू द्या, नाहीतर ती वाकते किंवा मोडते.

आठवीत मिळालेली सायकल बारावीपर्यंत वापरायची असते, मधल्या काळात उंची मात्र वाढत जाते. दर सहा महिन्यांनी टाचेची चाचणी पुन्हा करून पाहा. घरात दोघी-तिघी एकच सायकल वापरत असतील, तर प्रत्येकीच्या उंचीची खूण दांडीवर नेलपॉलिशने करून ठेवता येते.