घराण्याच्या कंठातील गीतग्रंथ

ध्वनिमुद्रिकेवर गीतकाराचे नाव असते. आदिलाबाद जिल्ह्यातील गोंडांच्या कुलकथा मात्र पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत मुखोद्गत राहिल्या. त्यांचे जतन केले ते प्रधान समाजाने. प्रधान हे गोंडांचे भाट. त्यांची घरची बोली मराठी. परंतु यजमानाच्या दारी तीन तारांची किकरी हाती घेतली, की देवांच्या व पूर्वजांच्या कथा ते गोंडीत गातात. दुसऱ्या भाषेचा ठेवा इतक्या निष्ठेने सांभाळल्याचे उदाहरण विरळाच.

या गायनामागे एक अलिखित करार आहे. प्रत्येक प्रधान घराणे विशिष्ट गोंड कुळाशी वंशपरंपरेने बांधलेले. कुलदैवत पेरसा पेन याच्या पूजेत त्याचे गायन आवश्यक. यजमानाने दिलेले धान्य-वस्त्र हा त्याचा हक्क, भिक्षा नव्हे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघाले. पण कुळांची नाती राज्यांच्या सीमा पाहून जडलेली नव्हती.

मानवशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांनी १९४० नंतर मारलवाई गावी राहून यांतील कथा टिपल्या व १९४८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. शब्द वाचले, किकरीचा स्वर कागदावर कसा उतरावा? आज यंत्र तोही टिपील. परंतु बोलावणारा यजमान यंत्राला निर्माण करता येत नाही. देवळात पुजाऱ्याबरोबर गाणाऱ्याचाही मान राखणाऱ्या आपल्या समाजाला हे निराळे सांगावयास नको: हक्क बुडाला, की गीतही बुडते.